पदकानंतरची वाट



चित्रकार होऊं पाहणाऱ्या मुलाचे वडील एक प्रश्न हटकून विचारतात : "याच्या हाताला वळण तर लागलें, पण याची स्वतःची अशी शैली केव्हां व्हायची?" माझी हयात शाळेंत मुलांच्या वह्या तपासण्यांत गेली, चित्रकलेंतला मी अधिकारी नव्हें. तथापि अक्षर वळणदार होणें निराळें आणि लेखनाला स्वतःचा चेहरा येणें निराळें, एवढें त्या वह्यांनीं मला शिकविलें. चित्रांत हा भेद कसा पडतो, तें अमृता शेर-गिल या चित्रकर्त्रीच्या उदाहरणानें आज आपणांपुढें मांडणार आहें.

अमृताचा जन्म ३० जानेवारी १९१३ रोजीं बुडापेस्ट येथें झाला. वडील उमरावसिंग हे संस्कृत व फारसीचे व्यासंगी शीख सरदार. आई हंगेरीची, गायनांत निपुण. १९२१ मध्यें हें कुटुंब सिमल्यास येऊन राहिलें. मुलगी लहानपणापासून चित्रें काढी. तिचे मामा एर्विन बक्ताय हे एकेकाळचे चित्रकार व पुढें भारतीय विद्येचे अभ्यासक. मनानें चित्रें रचण्यापेक्षां जिवंत माणूस समोर बसवून काढ, असें त्यांनीं तिला सांगितलें. मग घरचे नोकरचाकर तिच्यापुढें बसूं लागले. हा उपदेश साधा दिसतो. पण तिच्या पुढच्या साऱ्या कामाचा पाया त्यांतच आहे.

१९२९ मध्यें, वयाच्या सोळाव्या वर्षीं, ती पॅरिसला गेली आणि लवकरच तेथील सरकारी कलाशाळेंत ल्यूसिएं सिमों यांची विद्यार्थिनी झाली. सुमारें पांच वर्षें तिनें कसून अभ्यास केला. उजेड-सावलीनें देहाला गोलाई कशी आणावी, तैलरंगाचे थर कसे चढवावे, हें सर्व तिनें आत्मसात् केलें; सेझान व गोगँ यांचीं चित्रें डोळे भरून पाहिलीं. १९३२ सालच्या 'तरुण मुली' या तिच्या चित्राला पुढील वर्षीं पॅरिसच्या प्रदर्शनांत सुवर्णपदक मिळालें. त्यांतील दोघींपैकीं एकीसाठीं तिची धाकटी बहीण इंदिरा बसली होती. वीस वर्षांच्या मुलीला याहून अधिक काय हवें? आपल्याकडे तर एवढ्या भांडवलावर माणूस जन्मभर चित्रें विकील!

परंतु गोष्ट खरी सुरू होते ती येथून. त्याच वर्षाच्या अखेरीस तिला हिंदुस्थानची अनावर ओढ लागली. तुझ्या रंगांची श्रीमंती पाहतां तुझें खरें क्षेत्र पूर्वेकडेच आहे, असें तिचे एक प्राध्यापक म्हणत. १९३४ च्या अखेरीस ती परतली. सिमल्याच्या आसपासचीं काटकुळीं, सांवळीं, उदास चेहऱ्याचीं माणसें तिला दिसलीं आणि पॅरिसचें कसब त्यांच्यासाठीं पुरेना. तिनें तपशील गाळले, आकार सोपे केले, रंगाचे मोठे सपाट पट्टे टाकले. 'डोंगरी पुरुष', 'डोंगरी स्त्रिया' व 'तीन मुली' हीं १९३५ सालचीं चित्रें. 'तीन मुली'मध्यें घडत कांहींच नाहीं. तिघी खालीं पाहून बसल्या आहेत. पण लग्न, सासर आणि त्यांच्या हातीं नसलेलें पुढचें आयुष्य हीं सारीं त्या खालीं वळलेल्या डोळ्यांत आहेत, असें मला तरी वाटतें.

या बदलाचें स्वागत मात्र झालें नाहीं. १९३५ सालींच सिमल्याच्या कलासंस्थेकडे तिनें दहा चित्रें पाठविलीं. पैकीं पांच परत आलीं. एका चित्राला बक्षीस मिळालें, तें तिनें साभार परत केलें. स्वभाव तिखट खरा. पण पॅरिसचा शिक्का मिरवून सुखानें राहण्याची वाट तिला मोकळी होती, हें विसरतां कामा नये.

१९३६ च्या नोव्हेंबरांत तिच्या चित्रांचें प्रदर्शन मुंबईस ताजमहाल हॉटेलांत भरलें. तेथें कायदेपंडित व कलासमीक्षक कार्ल खंडालावाला यांच्या संग्रहांतील राजपूत व पहाडी लघुचित्रें तिनें पाहिलीं, आणि मग ती अजिंठ्याला गेली. आपण महाराष्ट्रांतलीं माणसें सहलीचे डबे घेऊन जेथें जातों, तेथें या मुलीला आपल्या धडपडीचा आधार सांपडला. जें ती चांचपडत करीत होती, तें कोणी शतकांपूर्वीं भिंतीवर निःशंकपणें करून ठेवलें होतें. बंगालच्या नव्या संप्रदायानें अजिंठ्याचें लालित्य तेवढें उचललें, गाभा सोडला, असा तिचा आक्षेप असे. नंदलाल बोसांच्या बाबतींत तो मला अन्यायाचा वाटतो. पण लांबट डोळे आणि नाजूक बोटें गिरवून अजिंठा हातीं येत नाहीं, हें तिचें म्हणणें खोटें नव्हे.

पुढें ती दक्षिणेंत कन्याकुमारीपर्यंत गेली. कोचीनजवळ मट्टनचेरीच्या राजवाड्यांतील भित्तिचित्रांनीं ती भारावून गेली. परतल्यावर १९३७ मध्यें तीन मोठीं चित्रें झालीं : 'वधूचा शृंगार', 'ब्रह्मचारी' आणि 'बाजारास निघालेले दक्षिणी खेडूत'. 'ब्रह्मचारी'मध्यें पांच बटु बसले आहेत. पांढरीं धोतरें, सांवळीं अंगें, छातीवर जानवीं. चित्र अजिंठ्याचें नाहीं, गोगँचेंही नाहीं. त्याच वर्षीं 'तीन मुली'ला मुंबईच्या बॉम्बे आर्ट सोसायटीचें सुवर्णपदक मिळालें.

एवढ्यावर ती थांबती तर शैली गवसली असें म्हणून मी हें भाषण आटोपतें घेतलें असतें. पण १९३८ मध्यें डॉक्टर व्हिक्टर एगन यांच्याशीं विवाह करून आल्यावर, गोरखपूर जिल्ह्यांतील सराया येथें, ती पुन्हा बदलली. आतां आकार लहान, रंग लघुचित्रांसारखे झगझगीत. हळद वाटणाऱ्या बायका, झोपाळा, उंट असे साधे विषय. मोठ्या भित्तिचित्रांची ऐट तिनें आपण होऊन खालीं ठेवली.

१९४१ मध्यें हें जोडपें लाहोरास गेलें. तेथें मोठें प्रदर्शन भरावयाचें होतें. त्यापूर्वींच अल्पशा आजारानें ५ डिसेंबर रोजीं तिचा अंत झाला. वय अठ्ठावीस. पुढें १९७६ मध्यें भारत सरकारनें तिचीं चित्रें राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर केलीं. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयांत त्यांचा मोठा संग्रह आहे.

लाहोरच्या बिऱ्हाडांतून दिसणारें शेजारचें दृश्य ती शेवटीं रंगवीत होती. त्यांत घरें आहेत, काळ्या म्हशी आहेत. माणसांचे चेहरे, जे तिनें आजवर सर्वांत अधिक रंगविले, ते येथें जवळजवळ नाहींतच. आकार आणखी सुटे, रंग आणखी मोकळे झाले आहेत. तें चित्र अपुरेंच राहिलें.