उन्हाळी शिबिरे आणि बालकांचा आत्मसंयम



‘मूल ऐकत नाही’ ही आज घरोघरची तक्रार आहे. परंतु मुलाने आपले ऐकावे याहून त्याने स्वतःस आवरावे, राग व हट्ट बाजूस सारून हातचे काम तडीस न्यावे, हे अधिक मोलाचे. हा आत्मसंयम उपदेशाने येत नाही, सरावाने येतो.

अमेरिकेत १९७० च्या सुमारास वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने बालकांपुढे खाऊ ठेवून, थांबणाऱ्यास दुप्पट देऊ केला. थांबणारी मुले पुढे सरस ठरतात, असा बोलबाला झाला. २०१८ साली सुमारे ९०० मुलांच्या पाहणीत मात्र घरची परिस्थिती हिशेबात धरताच हा संबंध पुष्कळ क्षीण झाला. म्हणजे एका वेळच्या अधीरतेवरून मुलाचे भवितव्य ठरवू नये. त्याच्या भोवतीची व्यवस्था पाहावी.

अशी व्यवस्था शिबिरात उभी करता येते. ऑगस्ट १९०७ मध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडातील ब्राउनसी बेटावर विसेक मुलांचे शिबिर भरविले. श्रीमंत व श्रमिक घरांतील मुले एकत्र करून त्यांचे चार गट पाडले आणि प्रत्येक गटाची धुरा एका मोठ्या मुलाकडे दिली. शिस्त गटाच्या अब्रूवर सोपविली. आपल्याकडे १९४१ साली स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलानेही खेळ, गाणी व श्रमदान यांतूनच मुले घडविली.

उघड्या माळावर निसर्गच गुरू होतो. सरपण ओले निघाले की चूल धुमसते, भातास उशीर होतो. तेथे आदळआपट करून काही साधत नाही. पाणी भरण्याची पाळी चुकविणारा सोबत्यांच्या नजरेतून सुटत नाही. पहिल्या रात्री घरच्या आठवणीने रडणारा मुलगा तिसऱ्या रात्री दुसऱ्याची समजूत घालतो.

निपाणीकरांस याकरिता दूर जाणे नको. तवंदी घाटाचा डोंगर जवळच आहे. दुपारची सावली, मुबलक पाणी आणि जाणती देखरेख एवढी तजवीज मात्र हवी. दुसऱ्याच दिवशी डबा घेऊन धावणारे पालक मुलाचा सराव मोडतात. शिबिराची पहिली कसोटी वडीलधाऱ्यांच्याच संयमाची असते.

चार दिवसांनी स्वभाव पालटत नाही. म्हणून परतल्यावर अंथरुणाची घडी, धाकट्यांची देखभाल, उत्सवाच्या पंगतीत पाणी वाढणे ही कामे मुलांकडेच ठेवावीत. चुकू द्यावे, सांडू द्यावे. सांडलेले पाणी ज्याने स्वतः पुसले, तो पुढच्या खेपेस तांब्या जपून धरतो.