नावात उच्चारलेले नाते

नाव ही मनुष्याची पहिली ओळख. परंतु ती कोणाच्या नात्याने सांगावी, हे प्रत्येक समाज आपापल्या परीने ठरवितो. आइसलँडमध्ये बहुतेकांना कुलवाचक आडनाव नसते. पित्याच्या नावास मुलाकरिता ‘सॉन’ म्हणजे पुत्र व मुलीकरिता ‘दोत्तिर’ म्हणजे कन्या हे पद जोडतात. १९८० साली राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेल्या विग्दिस फिन्बोगादोत्तिर म्हणजे ‘फिन्बोगीची कन्या’. विवाहानंतरही तेथील स्त्री सहसा ही ओळख सोडीत नाही. पित्याऐवजी मातेचे नाव लावण्याचीही मुभा आहे. महाराष्ट्रातही १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकाच्या नावानंतर शासकीय कागदपत्रांत प्रथम मातेचे, मग पित्याचे नाव येते. जन्मदात्रीचे ऋण फिटत नाही. ते निदान नावातून उच्चारले जावे.