‘घरात कुणाला आहे का?’

(आरोग्य कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



वस्तीतल्या बैठकीत ‘कुणाची कंबर दुखते?’ असं विचारलं, तर जवळजवळ सगळेच हात वर होतात. पाणी भरणं, ओणवं राहून धुणंभांडी, पाठोपाठची बाळंतपणं. आपल्या बहुतेक कंबरदुखीची कारणं यातच आहेत. पण आज एका वेगळ्या दुखण्याबद्दल बोलायचंय, कारण ते ओळखायला मीच उशीर केला.

आमच्या वस्तीतली एक बाई, वय ३१. चार घरची कामं करते. बाविसाव्या वर्षापासून कंबर दुखते. पहाटे दुखण्यानंच जाग येते, सकाळी तासभर अंग लाकडासारखं ताठ. कामाला लागली की हळूहळू सैल होते. सासू म्हणायची, “उठायच्या वेळीच बरी हिची कंबर दुखते!” दवाखान्यात सांगितलं, “सिझेरियनला पाठीत इंजेक्शन दिलं होतं ना, त्याचंच.” दुखणं तर गरोदर राहण्याआधीपासूनचं! ते कुणी विचारलंच नाही. मीही तिला विश्रांती घ्यायला सांगितली. विश्रांतीनं दुखणं वाढलं.

मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांनी विचारलं, “घरात कुणाला संधिवात?” ती म्हणाली, “नाही.” तिच्या लेखी घर म्हणजे सासर. बाहेर आल्यावर मी माहेरचं विचारलं. मामा चाळिशीतच धनुष्यासारखा वाकलेला. हमाली करतो म्हणून वाकला, असं सगळे धरून चालले होते. भावाचा डोळा वरचेवर लाल होऊन दुखतो. आम्ही परत आत गेलो.

हा मणक्याचा दाहक संधिवात. त्याचं एक रूप म्हणजे अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस. खुणा लक्षात ठेवा: पंचेचाळिशीच्या आत, हळूहळू सुरू झालेलं, ३ महिन्यांहून जास्त टिकलेलं दुखणं, रात्री वाढणारं, हालचालीनं कमी होणारं, पडून राहून न थांबणारं. सोबत टाच दुखणं, डोळ्याचा दाह, सोरायसिस किंवा आतड्याचा जुनाट दाह. रक्ताच्या नात्यात यातलं काही असेल तर संशय बळावतो. (ताप, वजन घटणं, पायातली ताकद जाणं असेल तर मात्र क्षयाची शंका घेऊन लगेच रुग्णालय गाठा.)

हा पुरुषांचा आजार, असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. बायकांच्या एक्स-रेत बदल उशिरा दिसतात, म्हणून निदानही उशिरा होतं. हिचाही एक्स-रे चांगला होता. एमआरआयमध्ये कमरेच्या सांध्यांचा दाह दिसला. आता गोळ्या आणि रोजचा व्यायाम चालू आहे. पहाटेची झोप परत आली आहे.

पण घराण्याचा इतिहास म्हणजे निकाल नव्हे. एचएलए-बी२७ हा अंश या आजाराशी जोडलेला आहे, हे १९७३ सालीच कळलं. तरी तो असलेल्या बहुतेकांना आजार होत नाही, आणि तो नसतानाही होऊ शकतो. रक्ताची ही तपासणी झालेली असेल तर कौटुंबिक इतिहासानं निदानात फारशी भर पडत नाही, असंही संशोधनात दिसलंय. पण आपल्या बायका त्या तपासणीपर्यंत पोचतात कुठे? तिथवर जायची वाट बऱ्याचदा या प्रश्नातूनच जाते.

आणि तो विचारणं सोपं नाही. निदान कळल्यावर तिचा नवरा म्हणाला, “म्हणजे खोट तुमच्याकडचीच.” लग्नं मोडतील म्हणून माहेरची माणसं आजार लपवतात. आईचं, मावशीचं दुखणं तर ‘बायकांचं असंच असतं’ म्हणून कधी आजार ठरतच नाही. मामाचा बाक निदान दिसला तरी! म्हणून हा प्रश्न सासूसमोर नको, बाईला एकटीला विचारा. कळलेलं तिच्या परवानगीशिवाय कुठे बोलू नका.

पुढच्या भेटीत ‘घरात कुणाला?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘तुझ्या आईची कंबर कशी होती?’ असं विचारा. आणि ‘काम केल्यावर बरं वाटतं’ असं कुणी सांगितलं, तर ते नाटक समजू नका. ती तुम्हाला आजाराची खूण सांगते आहे.