‘आपण’ म्हणजे कोण?
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



आज शिरगावात आपणापुढे बोलताना लहानपणचा एक प्रसंग आठवतो. वक्तृत्व स्पर्धेत मला बक्षीस मिळाले होते. परीक्षकांनी प्रेमाने पाठ थोपटली आणि म्हणाले, “मुसलमान असूनही मराठी किती छान बोलतोस!” घरी आलो, तर एक वडीलधारे नातेवाईक म्हणाले, “आता तू आमचा राहिला नाहीस!” दोघांच्याही मनात वाईट नव्हते. परंतु त्या रात्री बारा वर्षांच्या मुलाला झोप लागली नाही. मी कोण, हा प्रश्न मला तोवर पडलाच नव्हता.

मित्रहो, आपण कोण हे माणूस एकट्याने ठरवीत नाही. घर, मोहल्ला, जमात, शाळा यांच्याकडून तो ते शिकतो. लोक ज्या नावाने हाक मारतात, ते नाव हळूहळू अंगात मुरते. बदलापूरहून लोकलने निघालात, की अंबरनाथनंतर उल्हासनगर लागते. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना तेथील लष्करी छावणीत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. सिंधमध्ये जो व्यापारी, शिक्षक किंवा कारागीर होता, तो येथे एका दिवसात ‘निर्वासित’ झाला. छावणी गेली, शहर उभे राहिले, तरी तेथील पत्त्यांत ‘कॅम्प नंबर’ अजूनही आहेच!

गट माणसाला आधार देतो, हे खरे. पण तोच गट भिंतही उभी करतो. तुर्कस्तानात जन्मलेले मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी १९५४ साली अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात एक प्रयोग केला. सुमारे अकरा वर्षे वयाची बावीस मुले त्यांनी शिबिरासाठी निवडली. सर्व मुले एकाच धर्माची, सारख्याच परिस्थितीतली. त्यांचे दोन गट पाडून खेळांच्या चढाओढी लावल्या. थोड्याच दिवसांत मुलांनी एकमेकांचे झेंडे जाळले, खोल्यांवर धाडी घातल्या. नुसते एकत्र जेवायला बसविले, तेव्हा भांडण अधिकच वाढले. पुढे पाणीपुरवठा बंद पडला, गाडी अडली, असे प्रसंग मुद्दाम घडवून आणले. ज्या दोराने रस्सीखेच झाली होती, तोच दोर गाडीला बांधून दोन्ही गटांनी मिळून ती ओढली. अशी कामे एकत्र करता करता वैर ओसरले.

यातून आपण काय घ्यावे? एका माणसात अनेक ‘आपण’ नांदू शकतात. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, म्हणजेच शाहीर अमर शेख, यांचेच उदाहरण घ्या. ते मुसलमान घरात जन्मले, गिरणीत राबले, लाल बावट्याखाली उभे राहिले आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी मराठीतून गर्जले. डफावर त्यांची थाप पडली, की ऐकणारा त्यांची जात-जमात विचारीत नसे. एक नाते जोडण्यासाठी त्यांना दुसरे तोडावे लागले नाही.

पालकहो, मूल मराठीत पहिले आले, तर त्याला परके म्हणू नका. उर्दूत रमले, तर मागासलेले म्हणू नका. शिक्षक बंधुभगिनींनो, ‘असूनही’ हा एक शब्द आपल्या शाबासकीतून काढून टाका. आणि शेजारच्या शाळांतील मुलांना आपल्या मुलांबरोबर एखादे काम द्या. नुसते स्नेहभोजन पुरत नाही, हे शेरीफ यांच्या मुलांनी दाखविलेच आहे. विहीर साफ करणे, झाडे लावणे, वाचनालय चालविणे, काहीही चालेल. काम मात्र सर्वांच्या गरजेचे हवे.

त्या रात्री जागा राहिलेला मुलगा आजही एखाद्या वर्गात बसलेला असेल. “तू आमचाच आहेस” हे त्याला दोन्ही बाजूंनी ऐकू यावे, एवढेच मागून मी आपली रजा घेतो.