मुलाच्या उशाशी



मुंबईस परळला, गिरण्यांच्या वस्तीत, १९२९ साली केवळ मुलांसाठी वाडिया रुग्णालय निघाले. मुलांच्या डॉक्टरांचे काम मोठे अवघड. रोग्याला कुठे दुखते ते सांगता येत नाही. आईला विचारावे लागते. कमी वजनाचे अर्भक तर ते आईच्याच छातीशी तासन्‌तास ठेवावयास सांगतात. म्हणजे अर्धे औषध आईच! पण तिच्या मजुरीचे काय? १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याने सुरू झालेल्या योजनेत कामगाराला स्वतःच्या आजारपणात पैसे मिळतात, मुलाला उपचार मिळतात. मुलाच्या उशाशी बसलेल्या आईची बुडालेली मजुरी त्यात येत नाही. डॉक्टर म्हणतात, "बाई, आणखी चार दिवस राहा." ती मान डोलावते आणि बोटांवर खाडे मोजते. आमच्या मागणीपत्रकांत बोनस असतो, महागाईभत्ता असतो. हे कलम मी आजवर एकदाही घातलेले नाही.