सर्दी नाकात, खूण डोळ्यात



नोव्हेंबर लागला की दिल्लीची हवा बिघडते आणि घरोघरी मुलांची नाकं वाहू लागतात. बहुतेकांना विषाणूंची साधी सर्दी असते. तिला अँटिबायोटिक लागत नाही, आणि केमिस्टकडून स्वतःच आणून तर मुळीच देऊ नये. दहा दिवस उलटूनही उतार पडत नसेल, बरं वाटता वाटता पुन्हा ताप चढला असेल, किंवा सुरुवातीपासून तीन-चार दिवस 102च्या वर ताप आणि नाकातून पू असेल, तर सायनसमध्ये जिवाणू शिरल्याची शंका घ्यायची. वेळेवर औषध मिळालं की यातलीही बहुतेक मुलं बरी होतात.

आज मला बोलायचंय ते उरलेल्या थोड्या मुलांबद्दल. नाकाचं दुखणं त्यांच्या डोळ्यात किंवा मेंदूत उतरतं.

डोळा आणि नाकाच्या बाजूचा सायनस यांच्यामध्ये कागदाइतकं पातळ हाड असतं. हा सायनस जन्मापासूनच असतो, म्हणून अगदी लहान मुलांतही पू पलीकडे पोचू शकतो. शिवाय इथल्या शिरांना झडपा नसतात, त्यामुळे संसर्ग मागे मेंदूकडेही जातो.

2023च्या जुलैमध्ये दिल्लीत आय फ्लूची साथ आली होती, आठवत असेल. लाल डोळा दिसला की ड्रॉप्स घालायची सवय तेव्हापासून पक्की झाली. पण साथीचा डोळा चिकटतो, खुपतो, बहुधा दोन्ही बाजूंना येतो. मूल मात्र खेळत असतं. सायनसमुळे सुजलेला डोळा सहसा एकच असतो, सोबत ताप आणि मागे काही दिवसांची सर्दी असते.

अशा मुलाच्या पापण्या आम्ही डॉक्टर हलकेच उघडतो. डोळा पुढे आलाय का? बोटामागे नजर फिरवताना दुखतं का? एकाचे दोन दिसतात का? मग लाल टोपणाचं पेन एकेका डोळ्यासमोर धरतो. आजारी डोळ्याला तो लाल फिका दिसला, तर दृष्टीच्या नसेवर दाब आल्याची शंका येते. मग थांबायला वेळ नसतो.

मोठ्या मुलांत कपाळाचा सायनस वाढलेला असतो. कपाळावर मऊ, दुखरी सूज आली, तर आतलं हाड सडत असू शकतं. अठराव्या शतकात लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी वर्णिलेली ही खूण आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तापासोबत न थांबणारी डोकेदुखी, उलट्या, गुंगी, मान आखडणं किंवा फिट आली, तर मेंदूभोवती पू झाल्याची भीती.

साध्या एक्स-रेने इथे भागत नाही. डोळ्यामागचं गळू पाहायला शिरेतून औषध देऊन सीटी स्कॅन करतात, मेंदूची शंका असेल तर एमआरआय. अँटिबायोटिक शिरेतूनच सुरू होतं आणि नजर पुन्हा पुन्हा तपासली जाते. नऊ वर्षांखालच्या मुलांत छोटं गळू अनेकदा औषधांनीच विरतं. एक-दोन दिवसांत उतार दिसला नाही, गळू मोठं असलं किंवा नजर मंदावली, तर नाकातून दुर्बीण घालून पू काढतात. चेहऱ्यावर व्रणही राहत नाही. मेंदूभोवतीच्या पुवासाठी न्यूरोसर्जन लागतो.

म्हणून रुग्णालय निवडताना बालरोग, कान-नाक-घसा, नेत्र आणि मेंदू या चारही शाखांचे डॉक्टर हाताशी असतील असं बघा. एम्सच्या आवारातच राजेंद्रप्रसाद नेत्र केंद्र आहे. लोकनायक रुग्णालयाजवळ गुरु नानक नेत्र केंद्र. गुडगाव, नोएडा, फरिदाबादच्या मंडळींनी आपल्या भागात रात्री-अपरात्री अशी सोय कुठे मिळते, ते आजच विचारून ठेवावं. तापलेल्या मुलाचा एक डोळा सुजला, तर सकाळची ओपीडी उघडायची वाट पाहू नका. थेट इमर्जन्सीत जा आणि दारातच सांगा, "सर्दी होती, आता डोळा सुजलाय."