समाजाची संख्या आणि पुढील पिढ्यांचे ऋण
(पैठण येथील वार्षिक ज्ञातिसंमेलनात दिलेले भाषण)



 ज्याची कुजबुज आपल्या प्रत्येक बैठकीत होते, परंतु ज्यावर उघड विचार सहसा होत नाही, असा विषय मी मुद्दाम निवडला आहे. तो म्हणजे आपल्या समाजाची संख्या.

आगामी जनगणनेत जातींची नोंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०२५ साली जाहीर केला. जनगणनेत सर्व जातींची मोजदाद होऊन ती प्रसिद्ध झाली, त्याला १९३१ नंतर कित्येक दशके लोटली होती. साहजिकच ही कुजबुज वाढली. ‘आपण किती भरू?’ ‘घरोघर एकदोनच मुले, मग पन्नास वर्षांनी आपला समाज उरणार तरी किती?’ ‘तरुण जोडप्यांनी समाजाचाही विचार करावयास हवा.’ ही वाक्ये आपण सर्वांनी ऐकली आहेत. ती बोलणाऱ्यांची तळमळ खरी आहे, म्हणूनच त्यांना आदराने उत्तर दिले पाहिजे.

गंमत अशी, की आपल्या आजोबांच्या काळी चिंता याच्या अगदी उलट होती. १९२१ साली रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. त्यापायी त्यांना प्राध्यापकपद सोडावे लागले आणि समाजाचा रोषही पत्करावा लागला. पुढे १९५२ साली सरकारनेच कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. १९७६ साली तर मजल इथवर गेली, की तीन मुलांनंतर सक्तीची नसबंदी करण्याचे विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने संमत केले. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणूनच ते अमलात आले नाही. १९९२-९३च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील स्त्रीमागे सरासरी जवळजवळ तीन मुले होती. २०१९-२१च्या पाहणीत ती सरासरी १.७ वर आली. लोकसंख्या स्थिर राहण्यास ती सुमारे २.१ असावी लागते. तात्पर्य, ‘फार झालो’ हे भय आणि ‘संपत चाललो’ हे भय, ही दोन्ही एका शतकाच्या आत आपल्या उंबरठ्यावर येऊन गेली. दोन्ही वेळा हिशेब मांडणारे निराळे होते आणि तो ज्यांच्या देहावर चुकता व्हावयाचा ते निराळे होते.

आपल्या परंपरेत संततीला पितृऋणाची फेड मानले आहे. पूर्वजांचे देणे आपण अपत्यांच्या रूपाने फेडतो, ही कल्पना उदात्त आहे. परंतु तिच्यात एक प्रश्न दडलेला आहे. जो अजून जन्मलाच नाही, त्याचे आपण काय लागतो? त्याला जन्म देणे हे आपल्यावर त्याचे ऋण आहे काय? माझे नम्र मत असे, की नाही. जे मूल जन्मलेच नाही त्याची उपासमार होत नाही, त्याला दुःख होत नाही, आणि त्याच्या वतीने तक्रार करावयास कोणी उरत नाही. परंतु जे जन्मेल त्याचा हक्क मात्र पुरा आहे.

येथे एक सूक्ष्म शंका निघते. डेरेक पारफिट या इंग्लंडमधील तत्त्वज्ञाने १९८४ साली आपल्या ग्रंथात तिची सविस्तर चर्चा केली. पैठणकरांना मात्र ती आपल्याच अंगणात पाहता येईल. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. नाथसागराखाली सुमारे ३५ हजार हेक्टर भूमी गेली. गावे उठली, माणसे पांगली, सोयरिकी दुसरीकडे जुळल्या. त्या सोयरिकींतून जी मुले झाली, ती धरण नसते तर जन्मलीच नसती. त्यांच्या जागी दुसरीच कोणी जन्मली असती. मग धरणग्रस्ताच्या अशा नातवाने ‘माझ्यावर अन्याय झाला’ असे कोणत्या तोंडाने म्हणावे? ज्या घटनेला तो दोष देतो, तिच्यामुळेच तर तो आहे!

शंका चतुर आहे. पण ती आपल्याला कर्तव्यातून मोकळे करीत नाही. नाथषष्ठीला या क्षेत्री लाखो वारकरी येतात. कोण येणार, हे आपणांस ठाऊक नसते. तरी पाणी भरून ठेवावे लागते, वाट झाडावी लागते. एखाद्याने घाटावर गढूळ पाणी ठेवले आणि म्हटले, ‘मी कोणा विशिष्ट माणसाचे वाईट चिंतले नव्हते,’ तर आपण ते मान्य करू काय? जो कोणी येईल त्याच्याशी आपले कर्तव्य बांधलेले असते. पुढील पिढ्यांचे ऋण हे असेच, नाव नसलेल्या पाहुण्याचे आहे.

काही जण म्हणतील, अधिक माणसे म्हणजे अधिक सुख. मग संख्या वाढणे चांगलेच. परंतु धरणातले तेच पाणी अधिकाधिक घागरींत वाटत गेलो, तर अखेरीस प्रत्येकाला केवळ ओठ ओले करण्यापुरते मिळेल. त्या थेंबांची बेरीज कितीही मोठी भरली, तरी तिला कोणी समृद्धी म्हणणार नाही. मात्र याची दुसरी बाजूही विसरू नये. थोडीच माणसे सारे पाणी उपसू लागली, तर केवळ थोडी आहेत म्हणून ती पुण्यवान ठरत नाहीत. आपण किती आहोत याइतकेच, आपण किती वापरतो हे महत्त्वाचे आहे.

बंधुभगिनींनो, हे आपल्याला इतरांनी शिकवावे असे नाही. नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील धरणे वर आहेत आणि आपण खाली. २०१३च्या उन्हाळ्यात जायकवाडीच्या मृत साठ्यावर तहान भागवावी लागली. वरच्यांनी आधी आपली तळी भरून घ्यावी आणि उरले तर खाली सोडावे, हा न्याय नव्हे, असे मराठवाड्याने आग्रहाने सांगितले. २००५च्या कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य केले. २०१४ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने पाणी सोडण्याची मर्यादा ठरवून दिली. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने ते तत्त्व उचलून धरले.

आता असा विचार करा, की काळाच्या नदीवर आपण सर्व वरच्या धरणात बसलो आहोत आणि आपली नातवंडे-पतवंडे खाली, पैठणला आहेत. विहिरींचे खोलवरचे पाणी, शेताची माती, हवेची शुद्धता, सारे आपण आधी भरून घेत आहोत. त्यांना मात्र न्यायालय नाही, वकील नाही, मोर्चा नाही. जो न्याय आपण वरच्यांकडून मागितला, तोच खालच्यांना देण्यास आपण बांधलेले आहोत. त्यांचे खरे ऋण हेच, अधिक नातवंडे नव्हेत.

संख्येच्या हट्टाचा भार अखेर स्त्रीवर पडतो, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. कुटुंब लहान ठेवावयाचे आणि मुलगाही हवा, या दुहेरी हट्टातून काय घडले? गर्भलिंगचाचणीला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वांआधी, १९८८ साली केला. तरीही सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे १९९१ साली असलेल्या ९४६ मुली २०११ साली ८९४ वर आल्या. ज्या मुली आपण येऊ दिल्या नाहीत, त्यांची उणीव आपल्या वधू-वर मेळाव्यांत दिसते. मूल नको म्हणून सक्ती करणे १९७६ साली गैर होते; समाजासाठी आणखी एक हवे म्हणून सुनेला गळ घालणे हेही त्याच जातीचे आहे.

कोणी विचारील, मुले कमी झाली तर वृद्धांना कोण सांभाळणार? प्रश्न योग्य आहे आणि तो टाळता येणार नाही. परंतु आपली सेवा करावी म्हणून कोणाला जगात बोलावणे, हे त्या मुलाला साधन मानणे होय. वृद्धांची सोय हे हयात असलेल्यांचे काम आहे. आणि ज्यांना मूल हवे आहे, पण खर्चाच्या किंवा नोकरीच्या धास्तीने जे थांबले आहेत, त्यांना उपदेशापेक्षा पाळणाघर अधिक उपयोगी पडेल.

म्हणून तीन सूचना करतो. संमेलनात किंवा स्मरणिकेत कोणत्याही जोडप्याला संख्येवरून उपदेश होऊ नये. शिष्यवृत्तीच्या निधीत मुलींचा वाटा निम्म्याहून कमी नसावा. आणि दरवर्षीच्या जमेतील ठरावीक हिस्सा आपल्या हयातीत हात न लावता राखून ठेवावा. त्याचा विनियोग आज न जन्मलेल्यांनी करावा.

जनगणनेच्या तक्त्यात आपला आकडा जो भरेल तो भरो. समाजाचे मोठेपण त्यावरून न ठरता, आपण खाली किती पाणी सोडले यावरून ठरेल.